डावे दात दाजींचे, उजवे दात सरांचे

तुळशीरामशेठकडून झाड कापायची मशीन मागून आणली, इथपर्यंत माझी काहीही चूक नव्हती, असं माझं आजही प्रामाणिक मत आहे. शेजाऱ्याकडून वस्तू मागून आणणं हा आमच्या सुकापुरात गुन्हा नाही. मिक्सरचं भांडं, शिडी, हळदीच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या, एकदा तर अख्खी चारचाकी, असं सगळं इकडून तिकडे जात-येत असतं. फक्त मिक्सरचं भांडं परत करताना माणसं त्यात चार लाडू तरी घालून देतात. माझ्यावर मशीन बोथट करून परत द्यायची वेळ आली होती.

आमच्या सोसायटीचं नाव नवदुर्वा. तिच्या मागच्या भिंतीला लागून तुळशीराम म्हात्रे यांचं दुमजली घर आहे. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती मुळात त्यांचीच. त्यामुळे आम्ही इथे इतकी वर्षं राहत असूनही ते आमच्याकडे पाहुण्यांकडे बघावं तसं बघतात. प्रेमाने, पण हे जाणार कधी अशा अंदाजाने. माणूस मात्र दिलदार. आमच्या आवारातल्या बदामाच्या झाडाची एक फांदी माझ्या स्कूटरवर ओणवी झाली होती. ती हिरवी होती तेव्हापासून कमिटीत तिच्यावर चर्चा चालू होती. चर्चेदरम्यान ती वाळली. शेवटी "वाळली आहे, तेव्हा सभासदाने स्वतःच्या जबाबदारीवर काढण्यास हरकत नाही" असा ठराव झाला आणि मी स्वतःच्या जबाबदारीवर तुळशीरामशेठकडे गेलो.

"घेऊन जावा, साहेब," ते म्हणाले. "पन हावलीच्या आदी पायजे. यंदा पाळी आमची हाय."

या पाळीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. गावची होळी, इथल्या बोलीत हावली, दर वर्षी एका घराच्या मानाची असते. त्या घराने आपल्या बांधावरून उंच लाकूड कापायचं, वाजतगाजत आणायचं, पूजा करून खड्ड्यात उभं करायचं. खाली रचलेली लाकडं पेटली की बुंधा जळत जातो आणि होळी पडते. ती उगवतीला पडली तर वर्ष चांगलं, मावळतीला पडली तर त्या घराचं काहीतरी चुकलं, असा इथला हिशेब आहे. मागे तुळशीरामशेठच्या वडिलांच्या पाळीला होळी मावळतीला पडली. नुसती पडली नाही, तर वडिलांचा चुलतभाऊ काशिराम याच्या कुंपणावर पडली. काशिरामशेठने कुंपण कधीच दुरुस्त करून घेतलं, पण आठवण मात्र तशीच उघडी ठेवली. लग्न असो, बारसं असो, जमिनीची मोजणी असो, विषय कुठलाही निघाला तरी ते "तुमची हावली जशी" म्हणून सुरुवात करत. पाळी फिरून तुळशीरामशेठकडे यायला इतकी वर्षं गेली होती. वडील आता नव्हते. ती होळी उगवतीला पाडायची, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनात धरली होती. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी त्यांची मशीन बदामाच्या फांदीत घातली.

फांदी सुरुवातीला लोण्यासारखी कापली गेली. मी खालून बघणाऱ्या लोकांकडे एकदा नजरही टाकली. त्यानंतर ठिणग्या उडाल्या, मशीन किंचाळली, मीही किंचाळलो आणि सगळं थांबलं. आमचे सेक्रेटरी कृष्णकांत सर, गणिताचे निवृत्त शिक्षक, यांनी फार पूर्वी त्या फांदीच्या बुंध्याशी "येथे वाहने लावू नयेत" अशी पाटी ठोकली होती. पाटी वाऱ्याने गेली, वाहनं लागतच राहिली आणि खिळा झाडाने गिळून टाकला. तो नेमका मी शोधून काढला. त्यानंतर मशीन चालू केली की धूर निघायचा, पिठासारखा भुसा पडायचा आणि फांदी जागची हलायची नाही. अखेर वॉचमनने ती हाताने ओढली आणि ती कडकन मोडून खाली आली. हे आधी केलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती, असं तो म्हणाला नाही, पण त्याचं तोंड तसं दिसत होतं.

मशीनची दातेरी साखळी काढून घेऊन जुन्या पनवेलमध्ये गेलो. हत्यारांच्या दुकानातल्या माणसाने ती उजेडात धरली आणि भर गिऱ्हाइकांत विचारलं, "लोखंड कापलंत का काय?" मी म्हटलं, अनवधानाने. त्यावर दुकानातले सगळे माझ्याकडे वळले. धार लावायला होळीपर्यंत हात रिकामा नाही, त्या मापाची नवी साखळी मागवावी लागेल आणि तीही होळीनंतर येईल, असं त्याने सांगितलं. मला लागलं ते हे नाही. मला लागलं ते त्याने साखळी परत देताना "सांभाळून न्या" म्हटलं ते. जिच्याने बदाम कापला गेला नाही ती मला काय कापणार होती?

घरी येऊन मोबाइलवर बघितलं, तर कुठल्यातरी थंड देशातला एक दाढीवाला माणूस झाडाच्या खोडावर बसून हसत हसत साखळीला धार लावत होता. एक गोल कानस, आणि ती धरायला एक पत्र्याचं साधन. त्याला गाइड म्हणतात. गाइडवर तिरप्या रेघा कोरलेल्या असतात. रेघ साखळीला समांतर ठेवायची, की कानस आपोआप बरोबर तिरपी बसते. एक दात डावीकडे तोंड करून, पुढचा उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, अशी साखळीची रचना असते. आधी एका बाजूचे सगळे दात घासायचे, मग फिरून दुसऱ्या बाजूचे. सगळ्यांना सारखा हात, सारखा कोन. आयुष्यभर विमा कंपनीत बसलेल्या माणसाला जमणार नाही असं यात काहीच नव्हतं. मी गाइड मागवलं.

ते नवदुर्वा सोसायटीत पोहोचलं, पण उलव्याच्या. उलव्यात इमारती इतक्या झपाट्याने उभ्या राहिल्या की नावं पुरेनात, त्यामुळे तिथेही एक नवदुर्वा आहे. तिथल्या सेक्रेटरींनी पार्सल ऑफिसात कुलूपबंद केलं होतं आणि आमच्या सोसायटीचं पत्र असल्याशिवाय ते देणार नाही म्हणाले. म्हणून मी परत आलो आणि कृष्णकांत सरांकडून पत्र लिहून घेतलं. सरांनी त्यात "सदर कानस ही श्री. कमलाकर पेंढारकर यांची वैयक्तिक बाब असून तिच्याशी संस्थेचा कोणताही संबंध नाही" असं वाक्य घातलं. हे वाक्य पुढे किती खोटं ठरलं ते येईलच. उलव्याच्या सेक्रेटरींनी पत्र दोनदा वाचलं, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि माझ्या हातात पार्सल देताना धार लावायचं यंत्र बाळगायला परवाना लागतो का, अशी चौकशी केली.

पार्किंगमधल्या सिमेंटच्या बाकाला मशीन दोरीने आवळून बांधली. कुठल्या दातापासून सुरुवात केली ते कळावं म्हणून त्याला खूण करायची असते. बायकोच्या, म्हणजे कुमुदच्या, कपाटातून लाल नेलपॉलिश आणलं आणि पहिला दात रंगवला. कुमुद खाली आली, तिने आपली बाटली ओळखली आणि काही न बोलता वर गेली. आमच्या घरात याला मोठं भांडण समजतात.

कानस सुरू झाली. आता तो आवाज कसा होता हे लिहून सांगता येणार नाही, पण पहिल्या मजल्यावरचे दाजी दातांची कवळी हातात घेऊन खाली आले. दाजी म्हणजे सोसायटीतले सर्वांत ज्येष्ठ सभासद. ते नक्की कोणाचे दाजी हे आता कोणालाच आठवत नाही. खताच्या कारखान्यात स्टोअरला होते, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू आपल्या हाताखालून गेली आहे असं त्यांना वाटतं. त्यांनी कवळी बसवली आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. कानस अशी कुरवाळत नसतात, दाबून चालवतात, धार ही हाताला कळते, हा पत्रा कशाला मध्ये घातलाय, असं त्यांचं म्हणणं.

तेवढ्यात कृष्णकांत सर आले. त्यांनी आधी आवाजाबद्दल तोंडी हरकत नोंदवली. मग गाइडवरची रेघ बघितली, आणि त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. रेघेवर तीस असा आकडा होता. सर वर जाऊन कंपासपेटी घेऊन आले. खरोखर घेऊन आले. त्यातला कोनमापक साखळीवर ठेवून त्यांनी कानशीचा तिरपेपणा मोजला तर साठ अंश भरले. हे गाइड चुकीचं आहे, असं त्यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, सर, ते तीस अंश साखळीपासून नाही, साखळीला काटकोन काढला तर त्या काटकोनापासून मोजायचे असतात. सर म्हणाले, कोन कुठून मोजायचा हे मला तुम्ही सांगणार? दाजी म्हणाले, कोन असा काही प्रकारच नसतो. मग ते दोघे एकमेकांशी बोलू लागले आणि मी मधल्यामध्ये कानस धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली. "साखळीकरवत अथवा तत्सम दंतयुक्त वस्तू सामाईक जागेत घासण्यास मनाई आहे." आमच्या डोक्यावरून हल्ली विमानं जातात, शेजारी दिवसभर खडी उतरते, पण त्यांना नोटीस कुठे चिकटवायची हे माहीत नसल्यामुळे ती माझ्या कानशीला मिळाली. मी लेखी उत्तर दिलं. दाजींनी माझ्या बाजूने, पण माझ्या पद्धतीच्या विरोधात, वेगळं उत्तर दिलं. आणि होळी तोंडावर आलेली असताना या एका विषयासाठी कमिटीची तातडीची सभा बसली.

त्या सभेत मी जे बोललो ते मनापासून बोललो. म्हटलं, माझ्या स्कूटरचं सोडा. शेजारच्या माणसाच्या घरचा मान या साखळीवर आहे. ती धार लावल्याशिवाय परत गेली तर मी त्यांना तोंड दाखवू शकणार नाही. सगळे गंभीर झाले. आमच्या सोसायटीचं एक आहे, माणसं वाईट नाहीत. शेवटी असं ठरलं की संस्थेने सहकार्य करावं, पण दोन ज्येष्ठ सभासदांपैकी कोणाचाही मान दुखावू नये. म्हणून डाव्या तोंडाचे सर्व दात दाजींच्या देखरेखीखाली आणि उजव्या तोंडाचे सर्व दात सरांच्या देखरेखीखाली घासावेत. पार्किंगच्या जागा, पाण्याची वेळ, गणपतीची वर्गणी, आम्ही सगळं असंच अर्धं अर्धं करून मिटवत आलो आहोत, त्यामुळे यात कोणालाच वावगं वाटलं नाही. मलाही नाही. फक्त एका मुद्द्यावर दाजी आणि सर यांचं पूर्ण एकमत झालं, आणि जे मी उलव्याहून पत्र देऊन सोडवून आणलं होतं ते गाइड सर्वानुमते बाजूला ठेवण्यात आलं.

डाव्या दातांना दाजी उभे राहिले. "दाब, अजून दाब, पोळी लाटतोयस का?" असं ते म्हणत राहिले आणि मी दाबत राहिलो. लोखंडाचा कीस बाकाखाली साचला. दाजींचे दात झिजून बारीक झाले, पण चमकायला लागले. मग उजव्या दातांना सर आले. ते प्रत्येक दाताला कोनमापक लावायचे, पेन्सिलने साखळीवर रेघ मारायचे, ती तेलाने पुसली जायची, मग पुन्हा मारायचे. कानस जेमतेम टेकली की "बास, अंश बिघडेल" म्हणायचे. सरांचे दात होते तसेच राहिले, पण सरांचं समाधान झालं. माझ्या हातांना फोड आले. रात्री भात कालवताना ते झोंबायचे, आणि कुमुद वरण वाढताना माझ्याकडे न बघता विचारायची, आज डावे की उजवे.

चाचणी म्हणून बदामाच्याच पडलेल्या फांदीचा एक तुकडा कापला. सपकन कापला गेला. खाली टाळ्या वाजल्या, दाजी आणि सर एकमेकांकडे न बघता माझ्याशी हस्तांदोलन करून गेले. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तो तुकडा कुमुदने तुळशीच्या कुंडीखाली ठेवायला मागून घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, कुंडी कलते आहे, तुमचं लाकूड तिरकं कापलं गेलंय. मी म्हटलं, लाकूड बरोबर आहे, बिल्डरने बाल्कनीच्या लाद्या उतरत्या बसवल्या आहेत. बिल्डरचं नाव घेतलं की आमच्याकडे कुठलाही वाद मिटतो. मशीन पुसून, तेल घालून मी तुळशीरामशेठकडे पोहोचवली, आणि त्यांनी मला होळीचं लाकूड कापायला मानाने बोलावलं.

सकाळी सगळं गाव बांधावर जमलं होतं. अर्धी वाळलेली उंच सावर होती, बुंधा चांगला दोन्ही हातांच्या मिठीएवढा. काशिरामशेठ पांढरे कपडे घालून पुढेच उभे होते. तुळशीरामशेठच्या पत्नी शकूवहिनी यांनी झाडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला आणि तुळशीरामशेठने मशीन लावली. पहिल्यांदा छान आत गेली. मग बघता बघता मशीनने वळण घेतलं. तुळशीरामशेठ तिला सरळ दाबत होते आणि ती शांतपणे एका बाजूला चालली होती, घरी जायचा रस्ता ठरलेला असल्यासारखी. त्यांनी बाहेर काढली, पुन्हा घातली, पुन्हा तेच. बदामाच्या त्या मानाने बारीक फांदीत जे जेमतेम दिसलं होतं ते सावरीच्या बुंध्यात सगळ्यांना दिसलं. दाजींचे बारीक दात आणि सरांचे लांब दात आपापल्या मताप्रमाणे कापत होते, आणि लांब दात जिंकत होते.

शेवटी झाड आडवं झालं. बुंध्याचा कापलेला भाग काकडी तिरकी कापावी तसा दिसत होता. तुळशीरामशेठने मशीन बंद केली, साखळीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "साहेब, धार कोनी लावली?"

सगळं गाव ऐकत होतं. मी म्हटलं, "सोसायटीने."

तुळशीरामशेठने मान हलवली. रागावले असते तर परवडलं असतं. ते नुसते बुंध्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. काशिरामशेठ मागून म्हणाले, "बापासची आडवी, लेकाची वाकडी." दोन-चार जण हसले. मला त्या माणसाला मारावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःला. कोणीतरी सुचवलं, बुंधा पुन्हा सरळ कापून घेऊ. पण एकदा पूजा होऊन झाड आडवं झालं की त्याला परत हत्यार लावायचं नाही, ही इथली रीत आहे, आणि काशिरामशेठने तिची सगळ्यांना मोठ्या आवाजात आठवण करून दिली.

वाजतगाजत लाकूड आलं, पण वाजवणाऱ्यांचा जीव त्यात नव्हता. खड्ड्यात उभं केलं तर होळी कलली. बुंध्याखाली दगड घातले, फळ्या मारल्या, दोर ओढले, पण बूड तिरकं असल्यामुळे ती सरळ उभी राहायला तयार नव्हती. कलता कलता तिचं तोंड मावळतीकडे गेलं. त्या दिशेला काशिरामशेठचं नवं कुंपण होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या कुंपणाची काळजी अजिबात दिसत नव्हती. ते वाट बघत होते. तुळशीरामशेठ दोर सोडून बाजूला जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो. मला काहीतरी बोलायचं होतं, पण "दाजी", "सर" आणि "तीस अंश" हे तीनच शब्द तोंडात येत होते.

तेव्हा शकूवहिनी पदर खोचून पुढे आल्या. त्यांनी होळीभोवती एक फेरी मारली, वर बघितलं, खाली बघितलं आणि दोर धरलेल्या माणसांना म्हणाल्या, "वाकडी हाय तं हाय. तिला फिरवा. वाकायचं तं उगवतीला वाक."

लाकूड खड्ड्यात गोल फिरवता येतं, ही गोष्ट इतक्या पुरुषांपैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. सगळे तिला सरळ करायच्या मागे लागले होते. माणसांनी बुंध्याला मिठ्या मारल्या आणि होळी जाग्यावर फिरवली. तिरकं बूड फिरलं, तसं तिचं तोंड मावळतीकडून सुटलं, आमच्या सोसायटीवरून गेलं आणि बरोबर उगवतीला येऊन थांबलं. काशिरामशेठ म्हणाले, हे चालायचं नाय. शकूवहिनी म्हणाल्या, कुठं लिवलंय. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. होळी सरळच उभी राहते हे गृहीत धरून पूर्वजांनी वाकड्या होळीबद्दल काही नियम केलेला नव्हता.

संध्याकाळी होळी पेटली. आमची सोसायटी पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन हजर होती, दाजी एका टोकाला आणि सर दुसऱ्या टोकाला. ज्वाळा बुंध्याला भिडल्या. तुळशीरामशेठ हात जोडून उभे होते, त्यांचे ओठ हलत होते. होळी एकदा करकरली. मी आयुष्यात कधी लाकडासाठी देवाला हात जोडले नव्हते, ते तेव्हा जोडले. मग ती सावकाश, जराही इकडेतिकडे न होता, उगवतीला पडली. एकच बोंब उठली. तुळशीरामशेठ रडत होते आणि ते लपवतही नव्हते. त्यांनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या सोसायटीनं लई विचार करून धार लावली." मी म्हटलं, सभा घेऊन लावली. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज सुखात असतो. पण पुढच्या वर्षीची पाळी काशिरामशेठची आहे. गेल्या महिन्यात ते स्वतः घरी आले, सोबत स्वतःची मशीन, आणि सोफ्यावर अवघडून बसत म्हणाले, "धार तुमीच लावायची. पन तशीच. वाकडी." आपल्या होळीबाबत त्यांना धोका पत्करायचा नव्हता. तुळशीरामशेठनेही भिंतीपलीकडून शब्द टाकला, की चुलता झाला तरी घरचाच आहे, करा त्याचं काम. मी आनंदाने हो म्हटलं. एकदा चुकून जमलं ते ठरवून का जमणार नाही?

जमत नाही. कारण होळी उगवतीला पडल्यापासून दाजी आणि सर यांची दोस्ती झाली आहे. यश दोघांचं अर्धं अर्धं असल्यामुळे ते आता एकत्रच फिरतात. रविवारी पार्किंगच्या बाकावर बसून अख्ख्या सोसायटीच्या सुऱ्या, विळ्या, कात्र्यांना धार लावून देतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांनी माझं गाइड बाहेर काढलं आहे. दाजी आता हलक्या हाताने कानस फिरवतात, सरांना काटकोनापासून तीस अंश पटले आहेत. काशिरामशेठची साखळी त्यांनी इतकी सारखी घासून दिली की त्या मशीनने फुटपट्टी लावल्यासारखं सरळ कापलं. काशिरामशेठ मशीन परत घेऊन आले आणि दारातच म्हणाले, ही तं सरळ कापते, फसवलंत.

मी खूप विचार केला. मी एकट्याने साखळी मुद्दाम बिघडवून पाहिली, पण तसा बाक येत नाही. त्याला दोन माणसं लागतात, आणि ती एकमेकांचं न ऐकणारी लागतात. कुमुद म्हणाली, सोपं आहे, तुम्ही नुसतं विषय काढा.

म्हणून काल संध्याकाळी मी बाकावर गेलो. दोघे शेजारी शेजारी बसून एकाच बशीतली भजी खात होते. मी सरांना अगदी सहज म्हटलं, की परवापासून मनात एक शंका आहे, ते तीस अंश नक्की कुठून मोजायचे?

"ते तर आता ठरलंय," सर म्हणाले.

दाजींनी हातातलं भजं परत बशीत ठेवलं आणि विचारलं, "कोणी ठरवलं?"

मी हळूच गाइड उचललं, खिशात घातलं आणि काशिरामशेठला फोन लावायला घरी आलो.